जुन्या गाडीला सीटबेल्ट बसवायचाय? आधी पत्रा बघा

आमची प्रीमियर पद्मिनी १९८६ सालची. पुढे बाकासारखी सलग सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, आणि बेल्ट एकही नाही. बाबांनी ती तीसेक वर्षं तशीच चालवली. ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं, आणि ते दोघेही गेले. बातमी बघता बघता आई म्हणाली, "आपल्या गाडीत लावायचा म्हटला तरी आहे कुठे?"

तिथपासून गाडीत बेल्ट बसेपर्यंत पाच महिने गेले, आणि त्यातले तीन चुकीचं काम करून घेण्यात आणि ते निस्तरण्यात. तुमचे ते तीन महिने वाचावेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. हे पद्मिनीच्या अनुभवावरून आहे, पण अँबेसेडर किंवा सुरुवातीच्या मारुती ८००लाही बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे पुढच्या दोन सीटना बेल्ट देणं कारखानदारांना १९९४पासून बंधनकारक झालं, मागच्या सीटना २००२पासून. त्याआधीची गाडी बेल्टशिवाय बाहेर पडली असेल तर तो तुमचा दोष नाही. पण २०१९च्या दुरुस्तीनंतर बेल्ट न लावण्याचा दंड १,००० रुपये आहे. १४ वर्षांखालच्या मुलांना बेल्ट किंवा चाइल्ड सीटमध्ये बसवण्याची जबाबदारी गाडी चालवणाऱ्यावर आहे. मुंबईत १ नोव्हेंबर २०२२पासून पोलिसांनी मागच्या प्रवाशांनाही बेल्ट सक्तीचा केला. दंडापुरता बेल्ट हवा असेल तर कोणीही तासाभरात काहीतरी अडकवून देईल. तसलं काम करून घेऊ नका.

१. बेल्टचा ओढा कुठे जातो ते आधी समजून घ्या

गाडी ताशी ५० किलोमीटरने आदळली आणि अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर ६० किलोच्या माणसाला धरून ठेवताना बेल्टवर साधारण १,२०० किलोचा ओढा येतो. अख्ख्या पद्मिनीचं वजन याहून कमी आहे. म्हणून गाड्यांच्या मंजुरीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत बेल्टच्या खांद्यावरच्या आणि मांडीवरच्या भागाला प्रत्येकी सुमारे १,३५० किलोचा ओढा देऊन बोल्टच्या जागा टिकतात का ते बघतात.

हा सगळा ओढा शेवटी येतो तीन बोल्टांवर, आणि बोल्टांकडून पत्र्यावर. दुकानात लोक पट्टा किती जाड, बकल कुठल्या कंपनीचं एवढंच विचारतात. मीही तेच विचारलं होतं. बोल्ट ज्यात बसणार त्या पत्र्याबद्दल ना मी विचारलं, ना गॅरेजवाल्याने सांगितलं.

पहिल्या गॅरेजने दोन दारांमधल्या खांबाला बाहेरून भोक पाडलं, साधा बोल्ट घातला, मागे रुपयाएवढा वायसर लावला आणि गाडी परत दिली. दिसायला झकास. घरी येऊन मी सीटवर पाय रोवला आणि पट्टा दोन्ही हातांनी जोरात ओढला. खांबाचा पत्रा डब्याच्या झाकणासारखा टपकन बाहेर आला, सोडला तसा आत गेला. माझ्या दोन हातांना जो पत्रा दाद देतो, तो धडकेत बोल्टासकट फाटून आला असता.

२. गंज तपासा, आणि इथे स्वतःला फसवू नका

रबरी मॅट आणि त्याखालचं फेल्ट पूर्ण काढा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते फेल्ट पाणी धरून ठेवतं आणि फरशीचा पत्रा खालून-वरून खाल्ला जातो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या गाड्यांचं तर विचारूच नका.

जाड स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दर चार बोटांवर पत्रा ठोकत जा: दाराखालचा उंबरा, खांबाचा पाया, सीटखालची फरशी, मागच्या बैठकीखालचा पत्रा. चांगला पत्रा टणटण वाजतो. कुजलेला भदभद वाजतो, किंवा टोक सरळ आत जातं. आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागे टोक मुठीपर्यंत आत गेलं आणि खालची जमीन दिसली.

दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. रंगाखाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली असेल तिथे चुंबक धरत नाही किंवा सैल धरतो. खांबावर असं आढळलं तर तो रंग खरवडल्याशिवाय पुढे जाऊ नका. लांबीला भोक छान पडतं, बोल्टही घट्ट वाटतो, पण ताकद शून्य.

गंज निघाला तर आधी डेंटरकडून कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडून घ्या. खर्च वाढतो, मान्य आहे. पण खांबाचा पाया आणि उंबरा दोन्ही गेले असतील तर बेल्टचा विचार तूर्त थांबवा. ती गाडी रस्त्यावर चालवण्याच्याच स्थितीत नाही.

३. कारखान्याने ठेवलेली भोकं शोधा

काही गाड्यांमध्ये बेल्ट दिलेला नसला तरी बोल्टची जागा, आत नट वेल्ड केलेली, कारखान्यातूनच असते. खांबाच्या आतल्या आवरणाखाली, उंबऱ्याजवळ, फरशीच्या मधल्या उंचवट्यावर, मागची बैठक उचलून तिच्याखाली बोटाने चाचपा. प्लास्टिकची किंवा रबरी टोपी सापडली तर ती काढून आत आटे आहेत का बघा.

या आट्यांचं माप लिहून ठेवा. जगभर बेल्टचा बोल्ट बहुधा ७/१६ इंची, बारीक आट्यांचा, इंचाला २० आटे असा असतो. मिस्त्रीच्या भाषेत साडेतीन सूत. हार्डवेअरच्या दुकानात साडेतीन सूत मागितलं तर जाड आट्यांचा बोल्टही हातात पडू शकतो, किंवा "हाच बसेल" म्हणून १० एमएमचा. १० एमएमचा सैल बसतो आणि फिरवताना धरल्यासारखा वाटतो. तसाच आवळला तर आटे मरतात. बोल्ट बोटांनी पाच-सहा फेरे सहज आत गेला तरच तो बरोबर. गंजलेले आटे टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून साफ करून घ्या, बोल्टानेच रेटू नका.

आमच्या पद्मिनीत एकही भोक नव्हतं. तुमच्यात असतील तर पायरी ५ आणि ६ सोडून द्या.

४. बेल्ट निवडा

तीन बिंदूंचा बेल्ट घ्या, म्हणजे खांद्यावरून आणि मांडीवरून जाणारा. व्हॉल्व्होच्या निल्स बोलिन यांनी १९५९मध्ये तो आणला आणि आजही नेहमीच्या गाडीसाठी त्याहून बरं काही नाही. त्यात दोन प्रकार मिळतात. एक गुंडाळीचा, जो एरवी सैल सुटतो आणि झटक्याला अडकतो. दुसरा स्थिर, बिनगुंडाळीचा, जो दर वेळी हाताने आवळावा लागतो. खांबाच्या पायाशी गुंडाळीला जागा नसेल तर स्थिर बेल्ट बसवायला काहीच हरकत नाही. मात्र घरातली सगळी माणसं तो रोज नीट आवळतील का, याचा प्रामाणिक विचार करा. सैल स्थिर बेल्ट धोक्याचा.

रॅलीच्या गाडीतला चार किंवा सहा पट्ट्यांचा हार्नेस बसवावा असं अनेक तरुणांना वाटतं. रोजच्या गाडीत बसवू नका. त्याचे खांद्यावरचे पट्टे मागे जवळजवळ आडवे जायला हवेत. त्यासाठी भोकं असलेली रेसिंग सीट आणि मागे आडवा लोखंडी बार लागतो. पट्टे खाली फरशीला बांधले तर धडकेत ते पाठीचा कणा खाली दाबतात. चार पट्ट्यांच्या हार्नेसमध्ये मांडीवरचा पट्टा वर पोटावर ओढला जातो. शिवाय गाडी उलटली आणि छप्पर दबलं, तर त्यात सरळ बांधलेल्या माणसाला झुकायलाही जागा उरत नाही.

खरेदी करताना एवढं बघा:
- पट्ट्यावर शिवलेलं लेबल हवं, त्यावर आयएस १५१४० हे मानक किंवा वर्तुळातलं इंग्रजी ई अक्षर आणि आकडा. लेबल नसेल तर घेऊ नका.
- बकलमध्ये अडकणारी लोखंडी जीभ आणि बकल एकाच संचातले. दुसऱ्या बकलमध्ये जीभ "टिक" वाजून बसते आणि ओढ्याला सुटू शकते.
- बोल्ट संचाबरोबरचेच. डोक्यावर सहा रेघा असतील तर तो इंची मापातला ग्रेड ८चा बोल्ट.
- गुंडाळी कोणत्या कोनात बसवायची ते दुकानदाराला विचारा. उत्तर देता येत नसेल तर दुकान बदला.

भंगार बाजारातला बेल्ट घेऊ नका. धडकेत एकदा ताणला गेलेला पट्टा पुन्हा तसा ताण घेत नाही, आणि तो बघून ओळखू येईलच असं नाही. नव्या गाड्यांच्या बेल्टला धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारं स्फोटक नळकांडं असतं. ते उघडणं, ठोकणं, त्याच्याजवळ वेल्डिंग करणं जिवावर बेतू शकतं.

५. बोल्टच्या जागा ठरवा

ही पायरी मी सर्वांत जास्त वेळ देऊन केली. तुम्हीही द्या. ड्रिल हातात घेण्याआधी सुतळी घ्या.

जो माणूस त्या सीटवर बसतो त्यालाच बसवा. आम्ही बाबांना बसवलं, सीट त्यांच्या नेहमीच्या जागी सरकवली. सुतळीचं एक टोक खांबावर चिकटपट्टीने लावलं, ती खांद्यावरून छातीवर, तिथून कमरेच्या दुसऱ्या बाजूला आणि मांडीवरून परत उंबऱ्याकडे आणली. मग दार उघडून बाजूने बघितलं.

- मांडीवरचा भाग खुब्याच्या हाडांवर बसला पाहिजे, पोटावर नाही. गरोदर बाईच्या बाबतीत तर पट्टा पोटाखालूनच जायला हवा.
- बाजूने बघताना खुब्यापासून बोल्टापर्यंतची सुतळी आडव्या रेषेशी ३० ते ८० अंशांत हवी, ४५ ते ६०च्या आसपास असेल तर उत्तम. फार आडवी असेल तर धडकेत माणूस पट्ट्याखालून पुढे सरकतो आणि पट्टा पोटात घुसतो.
- खालच्या दोन बोल्टांत किमान ३५ सेंटिमीटर अंतर ठेवा.
- वरचा बोल्ट खांद्याच्या उंचीला किंवा थोडा वर हवा. खाली असेल तर पट्टा खांदा खाली दाबतो. पट्टा खांद्याच्या मध्यावरून जावा, गळ्याला घासू नये.

बाबांची उंची आणि माझी उंची यात चार-पाच इंचांचा फरक. मी बसल्यावर सुतळी गळ्याशी आली. शेवटी वरची जागा बोटभर खाली आणली आणि माझ्यासाठी बैठकीवर घट्ट, न सरकणारी गादी कुशनवाल्याकडून करून घेतली. मऊ उशी ठेवू नका. ती धडकेत दबते आणि पट्टा सैल होतो.

मागच्या सीटसाठी खालचे बोल्ट बैठकीखालच्या पत्र्यात आणि वरचा मागच्या खांबात येतो. मागच्या काचेखालच्या फळीला कधीही बोल्ट लावू नका. जुन्या गाड्यांत ती बऱ्याचदा पुठ्ठ्याचीच असते.

भोक पाडण्याआधी पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे ते गाडीखाली शिरून बघा. ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, सायलेन्सर, वायरिंग. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर ती अधिकृत फिटरकडून काढून घ्या आणि मगच मागचं काम करा.

६. प्लेट आणि वेल्डिंग

दुसऱ्यांदा मी एका म्हाताऱ्या डेंटरकडे गेले, ज्यांचं आयुष्य पद्मिनी टॅक्स्यांवर गेलंय. त्यांनी खांबावर बोटाच्या पेराने ठोकून दाखवलं. "ताई, इथे मागच्या दाराची बिजागरी, इथे आत जाड पट्टी आहे. तिथे पुढच्या दाराचं लॉक, तिथेही. मधे नुसता डबा. त्याने डब्यात बोल्ट मारला होता."

त्यांनी खांबाची आतली बाजू खिडकीसारखी कापली, आत तीन एमएम जाडीची लोखंडी प्लेट बसवली, तिच्यामागे साडेतीन सुती नट वेल्ड केला, खिडकी परत बंद करून वेल्ड ग्राइंडरने सपाट केला. प्लेटचं क्षेत्रफळ किमान ४० चौरस सेंटिमीटर ठेवा, म्हणजे साधारण पाच बाय आठ. मोटर स्पर्धांच्या नियमांतही हार्नेसच्या प्लेटसाठी हेच माप आहे. कोपरे गोल करायला सांगा, धारदार कोपरा ओढ्याला पत्रा कापतो. फरशीत प्लेट खालच्या बाजूने लावा, म्हणजे बोल्ट वर ओढला गेला तरी प्लेट फरशीवर दाबली जाईल.

वेल्डिंगच्या वेळी तुम्ही तिथे थांबा. बॅटरी काढलेली, फेल्ट आणि सीट बाहेर काढलेल्या, जवळच्या पेट्रोलच्या नळ्या सोडवलेल्या, आग विझवायचं नळकांडं हाताशी. नवा बेल्ट गाडीत नकोच. ठिणगीने पट्ट्याला पडलेलं बारीकसं भोकसुद्धा तो पट्टा बाद करतं. काम झाल्यावर उघड्या लोखंडाला रेड ऑक्साइड, मग रंग, खालून अंडरकोटिंग. हे राहिलं तर दोन पावसाळ्यांत प्लेटभोवतीच गंज धरेल.

७. बेल्ट बसवा

हे काम सोपं आहे, घरीही होतं. साहित्य: १७ नंबरचा सॉकेट पाना (बोल्टच्या डोक्याप्रमाणे बदलेल), टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा), आट्यांना लावायचं लॉकिंग द्रव, लेव्हल बघायची बाटली, मोबाइलचा कॅमेरा.

संच उघडताच बोल्टवरच्या कड्यांचा क्रम फोटो काढून ठेवा. बोल्ट, पट्ट्याची लोखंडी पट्टी, बुश, लहरी वायसर, जसे आले तसेच बसवा. बोल्ट पूर्ण आवळल्यावरही वरची पट्टी हाताने फिरली पाहिजे. ती जाम झाली तर पट्टा वळून एका कडेवर ताण येतो. आवळण्याचा टॉर्क संचाबरोबरच्या कागदावरचाच घ्या.

गुंडाळीचा बेल्ट असेल तर तिचा कोन अतिशय महत्त्वाचा. आत एक गोळी किंवा लोलक असतो, तो गाडी झटक्यात थांबली की कलंडून गुंडाळी अडवतो. ती १२ अंशांपर्यंत कलली तर अडकू नये आणि २७ अंशांपुढे अडकलीच पाहिजे, अशी तिची रचना असते. तिरकी बसवली तर एक तर घाटातल्या चढावर पट्टा जाम होईल, नाही तर हवा तेव्हा अडकणार नाही. खांबासाठीची गुंडाळी उभ्या खांबालाच लावा.

बाकासारख्या सीटला बकलची दांडी बैठक आणि पाठ यांच्या फटीतून वर येते. सीट पुढे-मागे सरकवून ती कुठे अडकत नाही ना, बघा. आणि सीट रुळांवर पक्की आहे ना, हेही. जुन्या सीटचे रूळ झिजलेले असतात, मग धडकेत सीटच पुढे येते आणि बेल्टला माणूस आणि सीट दोघांचा भार घ्यावा लागतो.

८. परीक्षा

आधी उभ्या गाडीत पट्टा हळू ओढा, तो यायला हवा. हिसका द्या, अडकायला हवा. मग मोकळं मैदान, गाडीत एकटे तुम्ही, ताशी १५-२० किलोमीटर, आणि जोरात ब्रेक. पट्टा छातीला धरला पाहिजे. रस्त्यावर ही परीक्षा करू नका. त्यानंतर बोल्टाभोवतीचा रंग भिंगातून बघा. केसासारखी चीर दिसली तर पत्रा हलतोय.

९. कागदपत्रं

काम सुरू करण्याआधीच आरटीओत लेखी अर्ज देऊन विचारा की नोंद करून घ्यायची आहे का. कारण वेल्डिंग झाल्यावर प्रश्न निघाला तर उत्तर शोधणं अवघड जातं. पंधरा वर्षांवरची खासगी गाडी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला न्यावी लागते, तिथे तपासणी अधिकाऱ्याने विचारलं तर फाइल हातात असलेली बरी. आमच्या फाइलमध्ये आहेत: आरसी, विमा, पीयूसी, बेल्टचं बिल आणि लेबलचा फोटो, डेंटरचं सहीचं बिल ज्यात प्लेटची जाडी आणि जागा लिहिलेल्या आहेत, खांब उघडा असतानाचे फोटो, आणि विमा कंपनीला बदल कळवल्याच्या पत्राची पोच. उघड्या खांबाचा फोटो विसरू नका. खिडकी बंद झाली की आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही.

१०. नंतरची काळजी

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. पावसाळ्यानंतर फेल्ट उचलून प्लेटांकडे बघा. पट्टा मळला तर कोमट पाणी आणि साधा साबण, ब्लीच नाही, रंग नाही. गाडी बरेच दिवस उभी राहत असेल तर उंदरांची तपासणी करा. आमच्या मागच्या बेल्टची किनार त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत कुरतडली आणि तो बेल्ट आम्ही टाकून दिला, शिवून वापरला नाही.

मागे मधल्या जागी आम्ही आता कोणालाच बसवत नाही. तिथे फक्त कमरेचा पट्टा शक्य होता आणि तो धडकेत पोटावर येतो. लहान भाच्यासाठी बेल्टने बांधता येणारी चाइल्ड सीट घेतली, ती कडेच्या बेल्टवर बसते.

आणि गाडीला जोराची धडक बसली, तर बेल्ट लावलेल्या प्रत्येक जागेचा पट्टा, बकल आणि बोल्ट बदला, बाहेरून ते कितीही धड दिसोत. त्याच वेळी प्लेटभोवतीचा रंग खरवडून पत्रा उघडा करून बघा.